बाळासाठी जुनी फडकी

बोईसरला त्या काळी पाळी सुटली की कुठला माणूस कुठल्या कारखान्यातला, हे त्याला विचारावं लागत नसे. सूतगिरणीतल्यांच्या केसांवर कापसाची पांढरी भुरी असायची, लोखंडाच्या कामातल्यांच्या सदऱ्यांना ठिणग्यांची बारीक भोकं असायची, आणि रंगाच्या कारखान्यातली माणसं तर लांबूनच कळायची. कुणी निळा, कुणी जांभळा, कुणी तांबडा.

पंढरी केशरी होता. रंगाच्या वाळलेल्या वड्या दळायची एक चक्की कारखान्यात होती, तिच्या तोंडाशी तो उभा राही. तोंडाला गमछा, डोक्याला फडकं, अंगात बंद गळ्याचा सदरा, तरी भुकटी जायची तिथं जायचीच. कानांमागं, नखांच्या मुळाशी, पापण्यांच्या केसांत. थुंकला तरी केशरी. सांगोल्याकडून तो इकडं आला तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. आता भरगच्च मिशी होती आणि तिची टोकंही केशरी होती. नाक्यावरचा चहावाला त्याचा पेला वेगळा ठेवी. पंढरीला त्याचं वाईट वाटत नसे. पाळी संपेपर्यंत तो इतका शिणलेला असे, की वाईट वाटून घ्यायलाही अंगात काही उरत नसे.

बोईसरला लागूनच असलेल्या सरावलीत एका चाळीत त्याची खोली होती. त्या खोलीत तो आणि त्याची बायको नर्मदा, एवढंच घर. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा नर्मदेला दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. दुसऱ्या खेपेला तर पाचवा लागला होता. तिनं हौसेनं एक टोपरं शिवून ठेवलं होतं, लाल काठाचं. ते पुढं कुठं गेलं हे पंढरीनं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले. या वेळी दोघांनी कुणालाच सांगितलं नाही. एकमेकांशीसुद्धा ती दोघं त्याबद्दल बोलत नव्हती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मात्र पंढरीला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हंडा उचलू द्यायचा नाही. वाकून काम नाही. लांबचा प्रवास तर अजिबात नाही." पहिलटकरीण माहेरी जायची, पण नर्मदेची आई जाऊन चार वर्षं झाली होती. भावजयीच्या दारात पोट घेऊन जाऊन बसायचं तिच्या मनात नव्हतंच. तेव्हा नर्सबाईंच्या बोलण्यानं ती सुटल्यासारखी झाली.

आता घरचं सगळं पंढरीच्या अंगावर आलं. पाण्याचा हापसा चाळीपासून लांब, वाटेत दोन ठिकाणी चिखल. पहाटे उठून तो पाणी भरी, भांडी घाशी, मग पाळीवर जाई. येताना रॉकेलची रांग, दळण, भाजी. हापशावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत. भाकरी थापायला तो नर्मदेकडून शिकला. ती भिंतीला टेकून सांगायची आणि तो परातीत पीठ मळायचा. एकदा पीठ मळता मळताच त्याचा डोळा लागला. नर्मदेनं हाक मारली तेव्हा त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते आणि तवा नुसताच तापून लाल झाला होता.

"पडा जरा," ती म्हणाली. "रातीचं दूधभात खाऊ."

"दूध कुठं हाय?"

"मग नुसता भात खाऊ."

ती दोघं त्या दिवशी मीठभात खाऊन झोपली.

पण खरा त्रास वासाचा होता. पोटात जीव वाढू लागला तसा नर्मदेला रंगाचा वास सोसेना. पंढरी दारात आला की तिला उमळून यायचं. सोड्यानं अंग घासून, दोन बादल्या पाणी ओतून तो आत यायचा, तरी तेच. वास त्याच्या कातडीतच मुरला होता. तिला वाईट वाटायचं. ती तोंडाला पदर लावून म्हणायची, "तुमचा न्हाई हो वास, त्या मेल्या रंगाचा." पंढरीनं एक दिवस आपली वाकळ उचलली आणि तो बाहेर ओट्यावर झोपू लागला. पाऊस सरला, दिवाळी गेली, थंडी पडली. तिचं उमळणं बंद झालं, तरी तो बाहेरच झोपत राहिला. आत जायची त्याला भीती वाटत होती. कशाची, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

चाळीतल्या बायकांना कळायचं ते कळलंच. डोहाळजेवण करूया म्हणून दोघीतिघी आल्या, तर नर्मदेनं हात जोडले. "नका गं बाई. काय करू नका." त्या फुगून गेल्या.

जमना मात्र फुगणाऱ्यांतली नव्हती. ती जवळच्या समुद्राकाठच्या नवापूरची मासेवाली. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यापर्यंत कासोटा, डोक्यावर पाटी. सरावलीत फिरून झालं की पंढरीच्या ओट्यावर पाटी उतरवून बसायची आणि पाणी मागायची. नर्मदेला इकडं आल्यावर सुके बोंबील खायला तिनंच शिकवलं होतं. आता नर्मदा मासे घेत नव्हती, तरी जमना बसायची. पाटी मात्र लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायची.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी तिनं विचारलं, "काय गो नर्मदा, पोरासाठी फडकी काढून ठेवलीस का नाय?"

नर्मदेनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"सातवा सरत आला. जुनी मऊ फडकी लागतात गो ढीगभर. कोरं कापड पोराला टोचतं. दिवसाला वीस वीस बदलायला लागतात. तुला काय वाटलं, एक टोपरं घातलं की झालं?"

टोपऱ्याचं नाव निघताच नर्मदेचा चेहरा उतरला. पंढरी त्या दिवशी रात्रपाळी करून आलेला होता आणि ओट्याच्या कोपऱ्यात पडला होता. तो उठून बसला. "जमनामावशी, आमी काय केलेलं न्हाई," तो म्हणाला. "मागल्या खेपेला केलं हुतं."

जमनेनं दोघांकडं पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. पाण्याचा तांब्या खाली ठेवत ती म्हणाली, "माजी दोन गेली, पाच हायत. फडकी काढली म्हणून गेली नाय, आणि नाय काढली म्हणून राहिली नाय. पोर आलं आणि घरात फडकं नाय, मग काय करशील? तुज्या नवऱ्याच्या गमछ्यात गुंडाळशील?"

ती पाटी डोक्यावर घेऊन गेली. नर्मदा उठली आणि तिनं पत्र्याची पेटी उघडली.

पेटीत दोन जुनी लुगडी होती, पंढरीचं एक विरलेलं धोतर होतं, चादरीचे तुकडे होते. तिनं एकेक उलगडून उजेडात धरलं आणि खाली ठेवलं. सगळ्यांवर रंग होता. कुठं ठिपके, कुठं डाग, कुठं नुसतीच केशरी झाक. इतकी वर्षं घरातलं सगळं कापड एकाच बादलीत धुतलं जात होतं. पंढरीच्या सदऱ्यातून सुटलेला रंग हळूहळू अख्ख्या घरात गेला होता. उशीच्या अभ्र्यावर त्याच्या डोक्याएवढा पिवळा गोल होता, तो तर रोजच्या डोळ्यांना दिसेनासाच झाला होता.

"धुऊन निघंल," ती म्हणाली.

"न्हाई निघायचा."

"उकळून बघू की."

पंढरीनं ओट्यापुढं तीन दगड मांडले, डबा चढवला, सोडा टाकला आणि ती कापडं उकळत ठेवली. पाणी केशरी झालं. ते ओतून दुसरं घातलं, तेही केशरी झालं. कापड पिळून पाहिलं तर होतं तसंच. पंढरी डब्याकडं बघत उकिडवा बसला होता. तो हाच माल रोज दळत होता. धुण्यानं जाणारा रंग असता तर गिऱ्हाइकानं तो घेतला कशाला असता? ह्याच कापडात आपण पोराला गुंडाळणार, मग ते ओल्या तोंडानं चोखणार. आपण त्याला उचलून घेणार, ते आपल्याच मानेत तोंड खुपसणार. आत जायला आपण का भितो, हे त्याला तिथं त्या डब्यापुढं बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातल्या मुकादमापुढं उभा राहिला. मुकादम भगवंत माकुणसारचा. सफाळ्याहून रोज गाडीनं यायचा. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडं द्यायला काही नसायचं.

"मला चक्कीवरनं काढा," पंढरी म्हणाला.

"का? चक्कीवर तुझ्याइतका जुना माणूस नाही."

"म्हणूनच. पोर व्हायचंय घरी."

भगवंतनं त्याच्या हातांकडं पाहिलं. "माल भरायच्या खात्यात जागा नाही. गेटवर नाही. बॉयलरवर कोळसा टाकायला माणूस पाहिजे, पण तिथं आठ दिवस कुणी टिकत नाही. तू काटकुळा. तुला झेपेल का?"

"झेपंल."

"नंतर परत चक्की मागू नकोस."

"न्हाई मागत."

बॉयलरच्या दारातून आत पाहिलं की डोळ्यांच्या भुवया करपल्यासारख्या वाटत. फावड्यानं कोळसा आत फेकायचा, सारखा करायचा, खालची राख ओढायची, ती गाड्यात भरून मागं नेऊन टाकायची, की पुन्हा कोळसा. पहिल्या आठवड्यात पंढरीच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्यात ते फुटले. पाठ सरळ होईना. चक्कीवरचे सोबती डब्याच्या सुट्टीत चिडवायचे, "केशऱ्याचा काळ्या झाला रे!" एक उत्तरेकडचा हेल काढून म्हणायचा, "अरे पंढरी, आगे जाके और क्या बनेगा?" पंढरी हसायचा. हसताना बरगड्या दुखायच्या. पण कोळसा पाण्यानं निघत होता. नळाखाली उभं राहिलं की काळं पाणी वाहून जाई आणि शेवटी स्वच्छ येई. एवढंच त्याला पुरत होतं.

घरचं काम होतं तेवढंच होतं. पाणी, रॉकेल, भाकरी. आता तो पाणी भरून आला की हंडा खाली ठेवून त्याला धरूनच उभा राही. एकदा तर हापशापासून येताना खाली बसला आणि त्याला उठता येईना. चाळीतल्या झिपरूनं, तोही त्याच कारखान्यात होता, हंडा घरापर्यंत आणून दिला.

त्या संध्याकाळी नर्मदा त्याच्यावर संतापली.

"कुणी सांगितलं हुतं बॉयलरवर जायला? मी म्हटलं हुतं?"

"न्हाई."

"मला इचारलं हुतं?"

"न्हाई."

"मग? तुमी असं झिजून गेल्यावर मी पोराला काय सांगू, बा कसा हुता म्हणून?"

पंढरी भिंतीला टेकून बसला होता. बोलायचंही जिवावर आलं होतं. तरी तो बोलला. "मला त्याला घ्यायचंय," तो म्हणाला. "पोराला. हातात घ्यायचंय. त्या रंगाच्या अंगानं कसं घेऊ?"

चुलीपुढून उठायला नर्मदेला आता वेळ लागायचा. जमिनीला हात टेकत ती उठली, त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याचे तळहात उलटे करून पाहू लागली. फोडांवर तिनं खोबरेल लावलं. मग म्हणाली, "आत झोपा. थंडी हाय." तो आत झोपला. दोघंही इतकी दमलेली होती की पाठ टेकताच डोळा लागला.

आठ दिवसांनी जमना आली ती मासे विकून झाल्यावर, पाटीत गाठोडं घेऊन. ओट्यावर तिनं ते सोडलं. आत जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे होते, हिरवे, तांबडे, चौकडीचे, विरून विरून पदरासारखे मऊ झालेले.

"सगळं माजं नाय," जमना म्हणाली. "आमच्या गल्लीत फिरून आणलं. हंसाचं हाय, तिच्या सासूचं हाय. ह्याला माशाचा वास येल, मी आधीच सांगते. दोनदा रिठ्यात धू आणि कडक उन्हात घाल. वास जातो. रंग आमच्याकडचा जुना हाय, सुटायचा तेवढा कवाच सुटलाय."

नर्मदेनं एक तुकडा गालाला लावून पाहिला. वास होताच, खारट, सुक्या मासळीचा. तिला उमळून आलं नाही. ती रडू लागली. जमना म्हणाली, "रड रड. पण आधी मला पाणी दे, घसा सुकला माजा."

धुणं पंढरीनं केलं. नवी बादली आणली, जुनीला हात लावू दिला नाही. चाळीपुढच्या दोरीवर ती फडकी वाळत पडली तेव्हा हापशावरच्या बायकांनी माना वळवून पाहिलं, आणि या खेपेला कुणी हसलं नाही. त्यातलीच एकजण दुसऱ्या दिवशी येऊन एक गोधडी ठेवून गेली.

नर्मदा शिवायला बसली. लंगोट, झबली, दुपटी. दिवसा थोडं शिवायची, पाय सुजले की आडवी व्हायची, पुन्हा उठून शिवायची. टोपरं मात्र तिनं शिवलं नाही. पंढरीनं ते पाहिलं, पण विचारलं नाही. पाळीवरून येऊन तो तिच्यासमोर जेवायला बसे. ती दातानं दोरा तोडी आणि म्हणे, "अजून एक झालं." तो "बरं" म्हणे. कधीकधी घास तोंडात असतानाच त्याची मान कलायची.

होळी दोन दिवसांवर आली होती. पंढरी सकाळच्या पाळीला गेला होता. उन्हं चढली तशा नर्मदेला कळा सुरू झाल्या. जमना पाटी घेऊन चाळीत शिरली तर ही दाराची चौकट धरून उभी, कपाळावर घाम. जमनेनं पाटी तशीच ओट्यावर टाकली आणि रस्त्यावर धावली. सातपाटीला बर्फ घेऊन जाणारा टेम्पो रोज त्या सुमाराला बोईसरहून सुटे, आणि तो चालवणारा चिंतू तिच्या ओळखीचा होता. वाट पालघरवरूनच जायची. जमना रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, तेव्हा चिंतूनं ब्रेक मारला.

"मावशे, मरशील ना!"

"पोरीला पालघरच्या दवाखान्यात सोडायचंय. आणि सावकाश चालव. खड्ड्यात घातलीस तर बघ."

पुढच्या बाकावर नर्मदा, तिला धरून जमना, मांडीवर फडक्यांचं गाठोडं. मागं बर्फ वितळून रस्त्यावर पाण्याची धार लागलेली. चिंतू एरवी जोरात हाकणारा गडी, पण त्या दिवशी बैलगाडीसुद्धा त्याच्या पुढं गेली.

चाळीतून निरोप कारखान्याच्या गेटवर पोचला, पण पंढरीला लगेच निघता येईना. बॉयलर सोडून जाता येत नाही, वाफेचा दाब उतरला तर आतला सगळा माल वाया जातो. बदली माणूस येईपर्यंत त्याला कोळसा टाकतच राहावं लागलं. तो टाकत होता. फावडं भरायचं, फेकायचं, भरायचं, फेकायचं. डोक्यात मागच्या दोन्ही वेळा होत्या. कान सारखे दाराकडं. शेवटी भगवंतनं चाळीतल्या झिपरूला रंगखात्यातून उचलून आणलं. झिपरूनं फावडं हातातून ओढून घेतलं आणि त्याला दारातून बाहेर ढकललं.

पालघरला पोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला. दवाखान्याच्या आवारात नळ होता. पंढरी आधी त्याच्याखाली बसला. मान, हात, तोंड चोळचोळून धुतलं. धुणं चाललंय तोवर तरी आत काय झालं ते कळायला नको, असं काहीतरी त्याला वाटत असावं. ओल्या अंगानं तो व्हरांड्यात आला. जमना बाकावर बसून पान खात होती.

"मुलगी," ती म्हणाली. "रडली बरी. वजन कमी हाय. आई बरी हाय, पण लई दमलीय, बोलायला लावू नको तिला."

पंढरी दारातच थांबला. नर्मदा डोळे मिटून पडली होती. कुशीत हिरव्या चौकडीचं गाठोडं होतं आणि त्यातून काळ्या जावळाचं एवढंसं डोकं दिसत होतं. नर्मदेनं डोळे उघडले. "घ्या की," ती ओठांनीच म्हणाली.

"हात थरथरायलेत," पंढरी म्हणाला. खरंच थरथरत होते. सकाळपासून फावडं चाललं होतं. "पडंल माझ्या हातनं."

जमनेनं त्याला खांद्याला धरून जमिनीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवली, पाय लांब करायला लावले, आणि बायका पोर न्हाऊ घालायला घेतात तसं ते बाळ त्याच्या नडग्यांवर ठेवलं. मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि ती झोपली. पंढरी तिच्याकडं बघत राहिला. ती इतकी हलकी होती, की पायांवर काही आहे असं वाटतच नव्हतं. थोड्या वेळानं त्याची मान छातीवर कलंडली. जमना बाजूला बसून दोघांवर नजर ठेवून होती. परिचारिका येऊन रागे भरायला लागली तर जमनेनं तिला हातानंच गप्प केलं. "मी हाय ना."

दिवेलागणीला जमनेनं त्याला हलवून उठवलं. मुलीला उचलून आईजवळ ठेवलं. "मी रात्री हितंच हाय. तू घरी जा, जेव, झोप. उद्या पाळी हाय ना तुला?"

पाळी होती. सुट्टी एकाच दिवसाची, तीही परवाची मिळाली होती. पंढरीनं नर्मदेच्या कपाळाला हात लावला. ती झोपेतच होती. बाहेर येऊन त्यानं बोईसर-तारापूरची एस. टी. पकडली, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि गाडी पालघरच्या बाहेर पडायच्या आत त्याला झोप लागली. बोईसर आलं, गेलं. कंडक्टरनं त्याला हलवलं तेव्हा गाडी तारापूरला थांबली होती आणि आतली सगळी माणसं उतरून गेली होती.

"कुठं उतरायचं होतं?"

"सरावलीला," पंढरी म्हणाला आणि घाबराघुबरा उठला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "मुलगी झाली मला. आज. पालघरला."

कंडक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. ओला सदरा, फाटलेले तळहात, लाल डोळे. त्याचाही दिवस पहाटेपासूनचा होता. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं आणि समोरच्या बाकावर पाय लांब केले.

"मग बसा तसेच," तो म्हणाला. "गाडी परत जायचीच आहे. मी उठवतो."